धुऱ्यावरचे उंदीर : चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातल्या प्रकल्प नोंदी

२ सप्टेंबर २०२४, सोमवार, पोळा

आज बैलांना जू नाही, त्यामुळे वावरात कुणी नाही. धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेतांच्या बांधाबांधानं, फिरून उंदरांच्या प्रकल्पासाठी जागा ठरवायला याहून बरा दिवस मिळाला नसता. मावसभाऊ सोबत होता. तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या कामात वर्षभर राहीन म्हणाला आहे.

जागा चार. पहिली, वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याखालची जमीन; तिथली शेती सुटून बरीच वर्षं झाली. दुसरी, खाणीतून काढलेल्या मातीच्या डोंगराचा पायथा. इथे सगळे त्याला ‘ओबी’च म्हणतात. तिसरी, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून असलेलं काकांचं वावर, कापूस आणि तूर. चौथी, इथून तीसेक किलोमीटरवरचं माझ्या मामाचं वावर. तिथे खाण नाही, धुराडं नाही. तेच तुलनेचं वावर.

२००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. ७० च्या वर गेले ते अतिप्रदूषित, असे ४३ निघाले. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा नंबर लागला. तो आकडा मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. पण एका आकड्यात अख्खा मुलूख येतो, आणि बारका शेतउंदीर जन्मभर पन्नास-साठ मीटरांत फिरतो. त्याच्यासाठी चंद्रपूर म्हणजे एक धुरा, दोन ढेकळं आणि एक बोरीचं झुडूप. या पन्नास मीटरांत काय घडतं ते मला बघायचं आहे. उंदीर किती आहेत हा अर्धाच प्रश्न. ते नेमके कुठे आहेत, आणि तिथेच का?

२९ सप्टेंबर

सापळे तपासले. ६० आहेत, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, घडी घालता येणारे शेरमन सापळे. उंदीर आत जातो, तळाच्या पट्टीवर पाय पडतो, दार मिटतं. त्याला काही लागत नाही. चाऱ्यासाठी ज्वारीच्या कण्या, शेंगदाण्याचा कूट आणि थोडं गोडं तेल यांचे गोळे केले. मागच्या वेळी नुसता कूट ठेवला होता तेव्हा मुंगळ्यांनी रात्रभरात साफ केला. तेल घातलं की गोळा घट्ट बसतो.

पद्धत अशी ठरवली. प्रत्येक वावरात एका धुऱ्यावर ३०० मीटरची रेघ. तिचे दहा तुकडे, प्रत्येकी ३० मीटरचे. एका तुकड्यात तीन सापळे, तीन रात्री. म्हणजे एका वावरात ९० सापळा-रात्री. काकांचं आणि मामाचं वावर एकाच वेळी, म्हणजे थंडी-वारा सारखा. पकडलेल्या प्रत्येकाच्या पाठीवरचे थोडे केस ठरलेल्या खुणेने कापायचे आणि सोडायचं. पायाचं बोट कापून खूण करायची जुनी पद्धत आहे. ती आम्ही करणार नाही.

सापळे लावायचे ते अमावस्येच्या आजूबाजूला. चांदणं असलं की उंदीर उघड्यावर कमी येतो. घुबडाला तो दिसतो हे त्याला कळतं.

हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, बूट. २०१८ मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली होती. तो आजार उंदरांच्या अंगावरच्या आणि गवतातल्या बारीक किड्यांमुळे पसरतो. भावाला हे दोनदा सांगितलं, आणि त्याच्या आईला तीनदा.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावस्या

मामाच्या वावरात पहिली रात्र झाली. सहा सापळ्यांत जनावर होतं, दोन सापळे कोल्ह्याने की मुंगसाने लोळवले होते.

जमीन अजून ओली, भेगा बुजलेल्या. चार मिळाले ते बारके शेतउंदीर: पोट पांढरं, शेपूट अंगापेक्षा आखूड किंवा जेमतेम तेवढीच. काट्यावर एकाचं वजन ९ ग्रॅम भरलं, एका मुठीत दोन मावतील. एक होता मऊ केसांचा शेतउंदीर, शास्त्रातलं नाव मिलार्डिया मेल्टाडा. त्याला ओळखायची खूण पायाच्या तळव्यावर असते. बहुतेक उंदरांच्या मागच्या तळव्यावर सहा गाद्या दिसतात, याला चार किंवा पाच. सहाव्या सापळ्यात चिचुंदरी. ती उंदीर नव्हेच, कीटकभक्षी. नोंद वेगळ्या पानावर केली आणि सोडली. वास हाताला दुपारपर्यंत होता.

मामी डबा घेऊन आली आणि उभी राहून बघत होती. म्हणाली, “लोक उंदीर माराले औषध आणते, अन् तू मोजाले येते?” मी म्हटलं, मामी, कुठे राहतात ते कळलं तर मारायचं की नाही तेही कळेल. ती म्हणाली, “कळू दे बाई. पेरलेलं खाते ते मात्र आम्हाले आधीच कळते.”

५ ऑक्टोबर

काकांचं वावर. रस्ता जवळ म्हणजे धुऱ्यापासून वीस पावलांवर. ट्रक रात्रभर चालू असतात. पऱ्हाटीच्या पानावर बोट फिरवलं की बोट काळं होतं. बोंडं फुटायला लागली आहेत आणि काकांना आत्तापासून काळजी आहे की यंदाही कापूस काळा म्हणून भाव पाडतील.

तीन रात्रींची पकड कमी आहे, मामाकडच्यापेक्षा निम्मी. पाऊस मधेच येऊन गेला, त्यामुळे यावरून काहीच ठरवत नाही. एवढं मात्र लिहून ठेवते की रस्त्याकडच्या पहिल्या दोन तुकड्यांत तिन्ही रात्री एकही जनावर आलं नाही. चारा जसाच्या तसा. मुंगळेही नव्हते.

१७ ऑक्टोबर

काल कोजागिरी, सापळे बंद. ग्रंथालयात बसून जुनं वाचलं.

वॉल्टर इलियट नावाचा ब्रिटिश अधिकारी धारवाडकडे होता. आज ज्याला आपण मऊ केसांचा शेतउंदीर म्हणतो त्याला तिथले वडार ‘मेट्टाड’ म्हणत. त्याचं शास्त्रीय नाव त्यावरूनच आलं. इलियट लिहितो, हा उंदीर नीट बीळ करायच्या भानगडीत पडत नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या खोल भेगांतच राहतो, नाहीतर वावरात रचलेल्या दगडांच्या ढिगात. पावसाळ्याच्या तोंडाला माती फुगते, भेगा मिटतात आणि हे उंदीर मोठ्या संख्येने आतच मरतात. १८२६ मध्ये सुरुवातीचा पाऊस ओढून धरला, भेगा मिटल्या नाहीत आणि मेट्टाड इतके वाढले की पेरलेलं बी उकरून खाल्लं, पुढे ज्वारीच्या ताटावर चढून कणसं तोडली. शेतकऱ्यांनी वडारांना धान्य देऊन हजारोंनी मारवले, तरी कमी झाले नाहीत.

हे वाचून मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. आपल्याकडच्या उंदरांचा हिशेब मातीच ठेवते. काळी माती उघडते तेव्हा घर मिळतं, मिटते तेव्हा घर जातं. मग जिथे त्या मातीवर राखेचा थर बसला तिथे भेग पडते का? राखेला काळ्या मातीसारखी फुगण्या-आकसण्याची सवय नाही. हा प्रश्न मी सुरुवातीच्या आराखड्यात घेतलाच नव्हता. मी विष मोजायला निघाले होते, घर मोजायचं राहिलं होतं.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. फटाके. सापळे लावले नाहीत.

१ डिसेंबर

सलग तीन रात्री झाल्या, दोन्ही वावरांत एकाच वेळी. मामाकडे भाऊ, काकांकडे मी. गारठा चांगलाच आहे. प्रत्येक सापळ्यात कापसाचा बोळा ठेवला, वावरातलाच वेचलेला. उंदीर रात्रभर त्यात गुरफटून बसतो. सकाळी दार उघडलं तर नुसतं नाक बाहेर.

वहीतून उतरवते. एका तुकड्यात किती वेगवेगळी जनावरं मिळाली, पहिल्या तुकड्यापासून दहाव्यापर्यंत:

मामाचं वावर: २, १, २, ३, १, २, १, २, २, ३. एकूण १९.

काकांचं वावर: ०, ०, ७, ०, ०, १, ६, ०, ०, ४. एकूण १८.

३ डिसेंबर

या दोन ओळी दोन दिवस डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मी फक्त बेरीज लिहिली असती तर अहवालात आलं असतं की रस्त्याकडेच्या वावरात आणि दूरच्या वावरात उंदरांच्या संख्येत फरक नाही, धुळीचा परिणाम दिसत नाही. आणि ते खोटं नसूनही साफ चुकीचं असतं.

विखुरणी मोजायची सोपी रीत आहे: विचरणाला (आकडे सरासरीपासून किती दूर पसरले त्याचं माप) सरासरीने भागायचं. जनावरं योगायोगाने कुठेही पडली असतील तर उत्तर १ च्या आसपास येतं. एकमेकांपासून अंतर राखून सारखी पसरली असतील तर १ पेक्षा कमी, घोळक्याने असतील तर १ पेक्षा जास्त. मामाच्या धुऱ्याचं उत्तर ०.२९. काकांच्या धुऱ्याचं ४.३.

मामाकडे उंदीर धुराभर पसरलेले आहेत, प्रत्येकाचा आपापला पट्टा. काकांकडे तेवढेच उंदीर तीन ठिकाणी गोळा होऊन बसले आहेत आणि मध्ये रिकामं.

आज मुद्दाम नुसतं बघायला गेले. तिसऱ्या तुकड्यात बोरीची झुडपं आणि वावरातून वेचून टाकलेले दगड. सातव्या तुकड्यात मुंज्याचा दगड आणि कडुनिंब. तिथे डवरा (कोळपणीचं औत) फिरत नाही, फवारणी होत नाही, गवत कंबरेइतकं. दहावा तुकडा नाल्याच्या काठी, कुंद्याचं दाट गवत. बाकीच्या सात तुकड्यांत धुरा म्हणजे धुळीने माखलेली टाचभर उंचीची माती. तिच्यावर गाजरगवतही धड उभं नाही.

काका म्हणाले, “मुंज्यापाशी कोणी कुऱ्हाड लावत नाई. म्हणून तिथं सारंच हाय. साप बी हाय, पाहून जाय.”

धूळ तिन्ही ठिकाणी सारखीच पडते, मी पानं पुसून पाहिली. म्हणजे धूळ उंदराला थेट हुसकावत नाही. ती आधी गवत खाते. गवत गेलं की वरून कापशी घारीला सगळं दिसतं, बियाणं नाही, किडे नाहीत, दव धरायला पान नाही. उंदीर जातो तो या सगळ्यामुळे. जिथे काही कारणाने गवत टिकलं तिथे तो टिकला, रस्त्यापासून जवळ असो की लांब.

पण घोळक्याने राहणं म्हणजे बरं राहणं नव्हे. तिसऱ्या आणि सातव्या तुकड्यात ९० मीटरचं उघडं अंतर आहे. तीन रात्रींत एकाही खुणेच्या उंदराने ते ओलांडलं नाही. रस्ता ओलांडलेला तर कुणीच नाही. पलीकडच्या धुऱ्यावर लावलेल्या जादा सापळ्यांत एकही खुणेचं जनावर आलं नाही.

३१ डिसेंबर

आज एक उंदीर माझ्यामुळे मेला.

पहाटे साडेपाचला निघायचं होतं. गाडीचं चाक पंक्चर, आणि पोचायला सव्वाआठ. नालाकाठचा सापळा, त्यात एक पिल्लाएवढी मादी, ६ ग्रॅमची. कापूस ठेवला होता पण दवाने भिजला होता. तळहातावर घेऊन श्वासाची ऊब दिली, अंगावर कापड घातलं, उपयोग झाला नाही. एवढ्याशा अंगाला थंडीत जिवंत राहायला सतत खावं लागतं. चारा संपला होता.

यापुढे मुक्काम वावरातच. काकांच्या जागलीच्या माचाणावर जागा आहे, काका हो म्हणाले. आणि कापूस पत्र्याला न टेकता सापळ्याच्या मागच्या भागात, वर पॉलिथिनचा तुकडा. भावालाही फोन करून सांगितलं.

तिला पुरलं नाही. मद्यार्कात ठेवली आहे, कारण तिचे दात बघायचे आहेत. मेली ती माझ्या उशिरामुळे. निदान तिच्याकडून जे कळू शकतं ते वाया जाऊ नये.

९ जानेवारी २०२५

दात.

उंदराचे पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात. झिजतात तेवढे खालून वर येतात. त्यावरचं कवच निरोगी उंदरात पिवळं-नारिंगी असतं, त्यात लोह असतं म्हणून. शरीरात फ्लोराईड जास्त गेलं की हा रंग उडतो, पांढऱ्या खडूसारख्या आडव्या रेघा दिसतात. ॲल्युमिनियमच्या कारखान्यांजवळच्या रानउंदरांत हे परदेशात पाहिलं गेलं आहे. दात सतत नवा येत असल्याने तो गेल्या काही आठवड्यांची वहीच असते. आणि दात बघायला जनावर मारावं लागत नाही, ओठ बोटाने अलगद वर केला की पुरतं.

डिसेंबरच्या फेरीत मी प्रत्येकाचे दात पाहून फोटो घेतले होते. काकांच्या वावरातल्या काहींच्या दातांवर रेघा आहेत. मामाकडच्याही दोघांच्या आहेत.

मामाकडच्या दोघांमुळे मी थांबले. कोळसा जळताना फ्लोराईड बाहेर पडतं हे खरं. पण चंद्रपूर जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड आहे, खडकातून आलेलं. ओलिताच्या वावरात तेच पाणी पिकाला जातं. दातावरची रेघ धुराड्यातून आली की जमिनीतून, हे रेघ सांगत नाही. ही खूण प्रदूषणाची म्हणून वापरायची तर आधी चारही जागांचं पाणी तपासायला हवं. नमुने उद्या.

काकांना फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, मग स्वतःचा ओठ वर करून दाखवला. तपकिरी डाग, लहानपणापासूनचे. “आमच्या साऱ्या गावाचेच असे हायत,” म्हणाले. “उंदराले बी तेच पाणी.”

२९ जानेवारी, अमावस्या

राखेचा बंधारा आणि ओबी, दोन्ही एकाच फेरीत.

बंधाऱ्याखाली राखेवर कास आणि पाणकणीस उगवलं आहे. ही दोन्ही राखेवर आपोआप येतात. लांबून हिरवं दिसतं, आत गेलं की पायाखाली करडी राख, पावलागणिक उडणारी. अपेक्षा नव्हती, पण कासात सात बारके शेतउंदीर मिळाले. भाऊ आनंदला. “ताई, इथं त मामाच्या वावरासारखेच हाय!”

पण सातही नर आहेत किंवा वयात न आलेली पिल्लं. गाभण किंवा दूध पाजणारी मादी एकही नाही. पहिल्या रात्री खूण केलेल्यांपैकी दुसऱ्या-तिसऱ्या रात्री एकही परत आला नाही. मामाकडे निम्म्याहून जास्त परत येतात, त्याच सापळ्यात, चारा आवडला म्हणून. इथले आले आणि गेले. सापळ्यात जनावर मिळालं म्हणजे ते तिथे राहतं असं होत नाही. ते त्या रात्री तिथून चाललं होतं एवढंच.

तीन रात्रींवर एवढं ठामपणे लिहू नये. पण मला बंधाऱ्याखालची जमीन घरासारखी वाटत नाही, वाटेसारखी वाटते.

ओबीवर वेगळंच घडलं. मातीच्या डोंगरावर विलायती बाभूळ लावली आहे, खाली वाळूखडकाचे मोठाले दगड. शेवटच्या रात्री एक उंदीर मिळाला, मोठ्या डोळ्यांचा, करडा, आणि शेपटीचा टोकाकडचा अर्धा भाग पांढराशुभ्र. पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर, मॅड्रोमिस ब्लॅनफोर्डी. हा खडकाळ टेकड्यांचा, रानातल्या दगडांच्या कपारींचा रहिवासी. सपाट काळ्या मातीत त्याला काही काम नाही. माणसाने शेतजमीन उकरून तिथे दगडांचा डोंगर उभा केला आणि डोंगरातला उंदीर येऊन राहिला. कुठून आला असेल? जवळची टेकडी बरीच लांब आहे. एकच मिळाला आहे, तरी हा फोटो मी कितीतरी वेळा उघडून पाहिला.

सैल मुरूम असलेल्या उतारावर मात्र काही नाही. तिथे बीळ टिकत नाही, ढासळतं.

१२ फेब्रुवारी

वाचन आणि प्रयोगशाळा.

रशियात उरल पर्वतात रेव्दा नावाचं शहर आहे. तिथे १९४० पासून तांबं वितळवायचा मोठा कारखाना आहे. येकातेरिनबुर्गच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं त्याच्याभोवतीचे बारके सस्तन प्राणी पकडले आहेत. कारखान्याजवळ जंगल करपून गेलं आहे, आणि तिथल्या व्होल जातीच्या उंदरांची संख्या तर घटतेच, शिवाय उरलेले सलग पसरलेले न राहता जगण्याजोग्या जागांच्या ठिगळांत राहतात. बर्फाचं रान, वेगळा धातू, वेगळा प्राणी. तरी वाचताना मला काकांचा धुरा दिसत होता.

१९८८ मध्ये पुलियम या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडलेली कल्पनाही इथे उपयोगी पडते. काही जागा अशा असतात जिथे जन्म मृत्यूंपेक्षा जास्त; तिथली जास्तीची पिल्लं बाहेर पडतात. काही जागा अशा जिथे मृत्यूच जास्त, पण बाहेरून येणाऱ्यांमुळे त्या कधी ओस दिसत नाहीत. पहिलीला मी वहीत ‘पिकता तुकडा’ लिहिते, दुसरीला ‘खपता तुकडा’. नुसत्या मोजणीत दोन्ही सारखे दिसू शकतात. राखेचं कास खपता तुकडा असावं अशी माझी शंका आहे. मुंज्याचा दगड पिकता: डिसेंबरात तिथे दोन गाभण माद्या होत्या.

माती तपासणीबद्दल सरांशी बोलणं झालं. आपली काळी माती अल्कधर्मी, चुनखडीची, चिकणमातीने भरलेली. शिसं-कॅडमियमसारखे धातू ती घट्ट धरून ठेवते, झाडाला सहज देत नाही. उलट आर्सेनिक आणि सेलेनियम अशा मातीत जास्त मोकळे फिरतात. मातीत एकूण किती धातू आहे या आकड्यावरून उंदराच्या पोटात किती जातो ते काढता येत नाही. शिवाय कोण काय खातं यावरही ते आहे. बिया खाणाऱ्या उंदरापेक्षा गांडुळं-किडे खाणाऱ्या चिचुंदरीच्या अंगात कॅडमियम जास्त साठतं, हे अनेक देशांत दिसलं आहे. वेगळ्या पानावर ढकललेल्या चिचुंदऱ्या परत मुख्य वहीत आणते आहे.

धातूंसाठी आम्ही जनावरं मारणार नाही. केसांचे नमुने घेतो. आणि मामाच्या गोठ्यात गव्हाणी घुबड राहतं; त्याने ओकलेल्या गोळ्यांत उंदरांच्या कवट्या-हाडं मिळतात. शिसं आणि फ्लोराईड हाडांत साठतं, तेव्हा घुबडाने आमचं अर्धं काम केलेलंच आहे. काकांच्या भागात घुबडाची जागा शोधतोय.

२७ फेब्रुवारी

दोन वाईट बातम्या.

काकांच्या नाल्याचा काठ जेसीबीने साफ झाला. पाईप टाकायचे होते. दहाव्या तुकड्यात कुंदा नाही, गवत नाही, पिवळी माती वर आलेली. तीन रात्री सापळे लावले. शून्य. खुणेचे चार उंदीर सातव्या तुकड्यात तरी येतील म्हणून पाहिलं. एकही नाही आला. मध्ये दोन तुकडे, ६० मीटर उघडी धूळ. मामाच्या धुऱ्यावर एक तुकडा गेला असता तर शेजारचे पुढे सरकले असते. इथे सरकायला शेजार नाही. डिसेंबरात १८ हा आकडा काय लपवत होता ते आज कळलं.

दुसरी बातमी मामाची. हरभरा निघाला आणि मामाने अख्ख्या धुऱ्यावर तणनाशक मारलं. आठ दिवसांत सगळं पिवळं. माझ्या तुलनेच्या वावरात या फेरीत १९ च्या जागी ६, आणि तेही दोनच ठिकाणी.

मी रागावले. मामा शांतपणे म्हणाला, “धुरा साफ नाई ठेवला त अळ्या येते, साप येते. निंदाले बाई भेटत नाई, भेटली त मजुरी परवडत नाई. तू सांग काय करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामाचा एक मित्र २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधा होऊन दवाखान्यात होता. त्या हंगामात तिकडे वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. मामाला विष म्हणजे काय हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मग तुलनेचं वावर स्वच्छ आहे हे मी कशावरून धरलं होतं? धुराडं नाही म्हणून. तणनाशक, कापसावरच्या फवारण्या, बिळापाशी ठेवलेल्या झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या, हे सगळं मी शेती या रकान्यात टाकलं होतं, प्रदूषण या रकान्यात नाही. उंदराला रकाने नाहीत. त्याच्या बाजूने पाहिलं तर काकांच्या धुऱ्यावर धुळीने जे केलं तेच मामाच्या धुऱ्यावर पंपाने केलं, फक्त लवकर.

आराखडा बदलला. ‘प्रदूषित’ आणि ‘स्वच्छ’ हे शब्द रकान्यांच्या डोक्यावरून काढले. आता प्रत्येक तुकड्यासाठी गवताची उंची, उघडी माती किती, दगड, भेगा, पानांवरची धूळ, शेवटची फवारणी कधी, हे सगळं वेगवेगळं लिहायचं. डिसेंबरच्या नोंदींसाठी फोटोंवरून जमेल तेवढं भरलं.

२९ मार्च, अमावस्या

उद्या गुढीपाडवा. सालदारांचं साल पाडव्याला बदलतं, पुढच्या वर्षी वावरात काय करायचं तेही याच दिवसांत ठरतं. म्हणून आज मुद्दाम दोन्हीकडे जाऊन आले.

उन्हं तापली आहेत. काळ्या मातीला भेगा पडल्या, काही ठिकाणी हात कोपरापर्यंत आत जातो. मामाच्या वावरात धुरा अजून उघडाच, पण मधल्या भेगांत मऊ केसांचे शेतउंदीर मिळाले, पाच. धुऱ्यावरून गेलेले भेगांत आले की आधीपासूनच तिथे होते, माहीत नाही. एकावर खूण होती, डिसेंबरची, केस निम्मे भरून आलेले. राखेखालच्या जमिनीत भेगा शोधल्या. राखेचा थर जाड आहे तिथे एकही नाही.

मामाशी ठरलं: धुऱ्याच्या एका बाजूला दोन हात रुंद पट्टा यंदा फवारायचा नाही. तण जास्त झालं तर मी आणि भाऊ येऊन विळ्याने कापू, मुळासकट नाही. मामीने अट घातली की उंदीर पेरणीत घुसले तर पट्टा बंद. अट मान्य केली. ती मोजणीही वहीत घेणार, पट्ट्याच्या लगतच्या तासांत उगवण किती कमी ती.

काका म्हणाले, नाल्याचा काठ त्यांच्या हातात नाही. पण मुंज्यापासून बोरीपर्यंतच्या ९० मीटरांत पऱ्हाटीच्या काड्या जाळायच्या ऐवजी धुऱ्यावर रचून ठेवतो. आज संध्याकाळी पहिली बंडी, म्हणजे बैलगाडीभर काड्या, टाकलीसुद्धा.

पुढची फेरी २६ आणि २७ मे, अमावस्येला. भेगा मिटायच्या आधीची ती शेवटची. उन्हामुळे सापळे सूर्य उगवायच्या आत बंद करायचे, मुक्काम माचाणावर. काड्यांच्या ढिगात पाच जादा सापळे लावायचे.

सापळे मोजले: ५८. दोन नाल्याच्या मातीखाली गेले असावेत.